डेंटल असिस्टिंग शिकायचंय: कम्युनिटी कॉलेज की १२ आठवड्यांचा कोर्स? (बे एरिया)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, स्वतःहून पहिल्यांदाच विचारतेय, थोडं लांबेल.

मी मूळची सांगलीची, बीकॉम, लग्नाआधी चार वर्षं एका पतसंस्थेत काउंटरवर होते. आता सनीव्हेलला असतो, वय ३५, मुलगी तिसरीत. मिस्टरांचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज, अप्रूव्ह झालं आणि गेल्या महिन्यात माझं एचफोर ईएडी, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोचं कामाचं परमिट, आलं. सात वर्षांनी स्वतःच्या नावाचं कामाचं कार्ड हातात घेतलं तेव्हा रडू आलं, खरं सांगते. सगळे म्हणतात सॉफ्टवेअरचं क्यूए टेस्टिंग शिक, आपल्या बऱ्याच जणी तेच करतात. दोन महिने व्हिडिओ बघितले पण मन लागत नाही हो त्यात.

डेंटल असिस्टिंगच का, तर मार्चमध्ये लेकीची दाढ भरायला नेलं होतं. ती खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. तिथल्या असिस्टंट बाईंनी सक्शनची नळी आधी तिच्या तळहाताला लावून दाखवली, मग कागदी कपातलं पाणी ओढून दाखवलं, मग म्हणाल्या आता तू धर. पोरीने स्वतःच्या हाताने नळी तोंडात घातली! पुढची वीस मिनिटं मी डॉक्टरांकडे बघितलंच नाही, त्या बाईंच्या हातांकडे बघत होते, डॉक्टरांनी मागायच्या आत वस्तू पुढे. घरी येता येता गाडीतच ठरवलं की हे शिकायचं.

आता शोधलं तर दोन रस्ते दिसतायत. एक प्रायव्हेट स्कूल आहे, १२ आठवडे, फक्त शनिवारी, फी साडेचार हजार डॉलर, साइटवर मोठ्या अक्षरात ॲक्रेडिटेड लिहिलंय आणि रोज फोन येतोय की सीटा संपत आल्या. दुसरं कम्युनिटी कॉलेज, तिथे वर्षभर जवळजवळ रोज दिवसा क्लास. दोघंही स्वतःला ॲक्रेडिटेडच म्हणवतात, मग फरक काय? लवकर कमवायला लागले तर बरंच आहे पण चुकीच्या ठिकाणी पैसे घालायचे नाहीत. त्यात सासरी फोनवर सांगितलं तर दीर म्हणाले, दवाखान्यातली असिस्टंट म्हणजे मदतनीसच ना, त्याला कॉलेज कशाला? त्यांना काय उत्तर द्यावं तेही सुचेना, कारण आपल्याकडे बघितलंय ते तसंच.

ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

चिंचवडची_लेक

ताई, आधी एक करा, पैसे भरू नका. फोनवर सीट संपत आल्या म्हणतात ना, मलाही तेच म्हणाले होते.

मी सहा वर्षांपूर्वी शॉर्ट कोर्स केला. शाळेचं नाव घेत नाही पण प्रकार तुम्ही लिहिलाय तोच. ॲक्रेडिटेड हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावतात हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. एक मान्यता अख्ख्या संस्थेला असते, आणि दुसरी त्या एका प्रोग्रॅमला. माझी शाळा संस्था म्हणून ॲक्रेडिटेड होती, ते काही खोटं नव्हतं. पण डेंटल असिस्टिंगच्या प्रोग्रॅमला मान्यता देणारं कमिशन ऑन डेंटल ॲक्रेडिटेशन वेगळं, सगळे त्याला कोडा म्हणतात, ती मान्यता नव्हती आणि कॅलिफोर्नियाच्या डेंटल बोर्डाचीही नव्हती. हे मला कधी कळलं तर कोर्स संपल्यावर, इंटरव्ह्यूमध्ये. डॉक्टरांनी विचारलं आरडीए आहे का, मी फाइलमधून सर्टिफिकेट काढून पुढे केलं. त्यांनी ते नीट वाचलं आणि शांतपणे म्हणाले, हे शाळेचं सर्टिफिकेट आहे, राज्याचं लायसन्स वेगळं. मला तिथून उठून पार्किंगपर्यंत कशी आले आठवत नाही.

तर कॅलिफोर्नियात आरडीए म्हणजे रजिस्टर्ड डेंटल असिस्टंट व्हायचं तर मुख्य वाटा दोन, एकतर बोर्डाने मान्य केलेला आरडीए प्रोग्रॅम करायचा, नाहीतर डेंटिस्टकडे १५ महिने काम करून अनुभवावर अर्ज करायचा. मला दुसऱ्या वाटेने जावं लागलं. शिवाय एक्सरेसाठी ३२ तासांचा रेडिएशन सेफ्टी, इन्फेक्शन कंट्रोल ८ तास, डेंटल प्रॅक्टिस ॲक्ट २ तास, कोरोनल पॉलिशिंग म्हणजे दात पॉलिश करणं, हे सगळे सुटे सुटे कोर्स स्वतःच्या खिशातून. नोकरी मिळायला वेळ लागला तो धरून लायसन्स हातात यायला मला सव्वादोन वर्षं लागली. तोपर्यंत ट्रे लावा, सक्शन धरा, खोली पुसा, एवढंच. टेम्पररी क्राऊन, म्हणजे दातावरची तात्पुरती टोपी, कसा बनवतात ते बघून बघून पाठ झालं होतं पण मला तो बसवायची परवानगी नाही, पेशंट आ करून बसलाय आणि आम्ही दोघं शेजारच्या खोलीतली आरडीए मोकळी व्हायची वाट बघतोय. फार वाईट वाटायचं.

बे एरियात फूटहिल कॉलेज आणि कॉलेज ऑफ सॅन मटेओ दोन्हीकडे डेंटल असिस्टिंग आहे, सनीव्हेलहून फूटहिल जवळ पडेल, २८० हायवेला लागूनच. पण माझ्यावर नको, कुणावरच नको विसंबायला. कोडाच्या साइटवर राज्य निवडून प्रोग्रॅमची यादी निघते, डेंटल बोर्डाच्या साइटवर त्यांची वेगळी यादी आहे. दोन्हीत नाव सापडलं तरच पुढे जा. आणि त्या प्रायव्हेटवाल्यांचा पुढचा फोन आला की एवढंच विचारा, तुमचा *प्रोग्रॅम* कोडा-मान्य आहे का? उत्तर लेखी द्या म्हणावं.

एडिसनची_मावशी

अगं मी मिरजेची, म्हणजे आपण शेजारणीच की. तुला तू म्हणते, माझी भाची तुझ्या वयाची आहे.

चिंचवडच्या लेकीने सगळं खरं लिहिलंय, मी फक्त एक जोडते जे तुला आत्ता महत्त्वाचं वाटणार नाही पण एचवन-एचफोरच्या घरात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुम्ही कायम सनीव्हेललाच राहणार हे कुणी सांगितलं? आम्ही १४ वर्षांत तीन राज्यं बदलली. ह्यांचा प्रोजेक्ट संपला की उचला बिऱ्हाड. आणि डेंटल असिस्टंटचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. इथे न्यू जर्सीत दातांचे एक्सरे काढायचं लायसन्स डेंटल बोर्ड देत नाही, पर्यावरण खातं देतं, बोल आता! कॅलिफोर्नियाचं आरडीए घेऊन इथे आलीस म्हणून तू इथली आरडीए होत नाहीस, नाव तेच असलं तरी.

मग सोबत काय येतं? तर सीडीए, म्हणजे सर्टिफाइड डेंटल असिस्टंट. डेंटल असिस्टिंग नॅशनल बोर्ड म्हणून संस्था आहे, डॅनब म्हणतात, १९४८ पासूनची. त्यांच्या परीक्षेचे तीन भाग, चेअरसाइड म्हणजे खुर्चीशेजारची मदत, रेडिएशन, इन्फेक्शन कंट्रोल. बरीच राज्यं ही परीक्षा कुठे ना कुठे धरतात. आता बघ, कोडा-मान्य प्रोग्रॅम करून बाहेर पडलीस की तू लगेच या परीक्षेला बसू शकतेस. तो नसेल तर आधी ३,५०० तास कामाचा अनुभव दाखवायचा. ३,५०० तास म्हणजे फुल टाइम पावणेदोन वर्षं गं. मी कोडावाल्या कम्युनिटी कॉलेजातून केलं होतं म्हणून इथे आल्यावर वर्ष वाया गेलं नाही, माझ्याबरोबरची एक गुजराती मैत्रीण होती ती बिचारी पहिल्यापासून लागली.

कोडाच्या नियमात निदान ९०० तास शिक्षण आणि त्यातले ३०० तास प्रत्यक्ष क्लिनिकमध्ये, हे ठरलेलं आहे. शनिवारचे बारा क्लास, दिवसाचे आठ तास धरले तरी शंभरच्या आसपास होतात, तूच गुणाकार कर, काउंटरवर बसलेली आहेस तू.

आणि दिरांचं मनावर घेऊ नकोस, त्यांनी जे बघितलंय ते बोलले. आपल्याकडे १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये डेंटिस्ट होता, दात साफ करणारा हायजिनिस्ट होता, दात बनवणारा मेकॅनिक होता, असिस्टंटची नोंदणीच नव्हती. म्हणून सांगली-मिरजेत दवाखान्यातली ताई डॉक्टरांच्या हाताखाली बघून बघूनच शिकते, आणि काही काही जणी इतक्या तयार असतात की विचारू नकोस, पण त्यांच्या हातात कागद नसतो. इथे कागद मिळतो. तो सोडू नकोस.

वैदर्भीय_बीडीएस

मी नागपूरहून बीडीएस. इथे डेंटिस्ट म्हणून काम करायचं तर आयएनबीडीई परीक्षा, मग कॅपिड या सामायिक अर्जपद्धतीतून अर्ज करून परदेशी डेंटिस्टसाठीचा दोन-तीन वर्षांचा ॲडव्हान्स्ड स्टँडिंग प्रोग्रॅम, फी लाखांत, डॉलरमध्ये. त्याची तयारी चालू असताना मी असिस्टंट म्हणून काम करतेय, म्हणून खुर्चीच्या दोन्ही बाजू माहीत आहेत, त्याबद्दल लिहिते.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं हे तर येतंच मला. नाही आलं. आपल्याकडे भारतात खालच्या डाव्या पहिल्या कायमच्या दाढेला ३६ म्हणतात, इथे तीच दाढ १९. वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ सुरू, वरून डावीकडे १६, मग खाली उतरून १७ आणि परत उजवीकडे ३२. डॉक्टर म्हणाले थर्टी, आणि मी बीडीएस झालेली बाई दोन सेकंद मनात भाषांतर करतेय, तोवर त्यांचा हात रिकामा. तुमची पाटी कोरी आहे ताई, तुम्हाला हा त्रास होणार नाही, हे मी मनापासून सांगतेय.

तुम्ही त्या बाईंचे हात बघितलेत ना, त्याला फोर-हँडेड डेंटिस्ट्री म्हणतात आणि ती घड्याळावर शिकवतात. पेशंटचं तोंड म्हणजे घड्याळाचा मध्य, डोक्याकडे १२. डॉक्टर उजव्या हाताने काम करणारे असतील तर ते ७ ते १२ मध्ये, तुम्ही २ ते ४ मध्ये, आणि वस्तूंची देवाणघेवाण ४ ते ७ मध्ये, म्हणजे हनुवटीखाली छातीच्या वर. डोळ्यांसमोरून सुई न्यायची नाही म्हणून. तुमचं स्टूल डॉक्टरांपेक्षा चार ते सहा इंच उंच, नाहीतर तुम्हाला तोंडातलं काही दिसणार नाही. सक्शनचं टोक आधी जागेवर ठेवायचं, मग डॉक्टरांचं ड्रिल आणि आरसा येतो. उलट झालं तर जागाच उरत नाही, ओठ ओढला जातो. हे पुस्तकात दोन ओळींत आहे, माझ्या मनगटात बसायला दीड महिना लागला.

अल्जिनेटचं तर रडूच यायचं. साचा घ्यायची पावडर असते, पाण्यात कालवायची, पाणी कोमट झालं की भराभर घट्ट होते. मी पहिल्यांदा नळाचं जे येईल ते पाणी घेतलं, ट्रे तोंडात जायच्या आधी वाटीतच गोळा झाला, पेशंट वाट बघतोय. तेव्हापासून फ्रिजमधली बाटली घेते. कॉलेजात हे एकमेकींच्या तोंडावर, दहा-दहा वेळा करून घेतात, चुकायला वाव असतो. क्लिनिकमध्ये पहिल्या दिवसापासून खरा पेशंट.

एक्सरेबद्दल एकच. सेन्सर पेशंटच्या तोंडात आपण बोटाने धरायचा नाही, कधीच नाही, लहान मूल रडत असलं तरी नाही. न्यू ऑर्लिन्सचे डॉ. केल्स म्हणून होते, अमेरिकेत दातांचे एक्सरे अगदी सुरुवातीला काढणाऱ्यांपैकी. मशीन सेट करताना स्वतःचा हात किरणांपुढे धरायचे, वर्षानुवर्षं. आधी बोटं गेली, मग हात गेला, १९२८ मध्ये ते वारले. आणि १८८५ मध्ये दवाखान्यात असिस्टंट म्हणून बाई ठेवणारे हेच, अमेरिकेतली पहिली डेंटल असिस्टंट त्यांच्याकडचीच मानतात. मला दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

डलासकर

माझ्या बायकोने टेक्सासमध्ये केलंय, तिला टाइप करायला वेळ नाही म्हणून मी लिहितोय. एक व्यावहारिक गोष्ट, दिवसाचे क्लास आणि क्लिनिकचे महिने एकत्र आले की मुलांना शाळेतून कोण आणणार ते आत्ताच ठरवा. मी त्या चार महिन्यांत आठवड्यातले दोन दिवस दुपारी घरून काम मागून घेतलं. मिस्टरांना हा धागा वाचायला द्या, खरंच द्या. आणि क्लिनिकमध्ये उशीर, गैरहजेरी फार कडक मोजतात.

टेक्सासमध्ये पण एक्सरे काढायला स्टेट बोर्डाचं रजिस्ट्रेशन लागतंच. मावशींचं बरोबर आहे, प्रत्येक राज्याचं वेगळं.

कृष्णाकाठ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री मिस्टरांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. प्रायव्हेटवाल्यांचा आज फोन आला, मी विचारलं कोडा आहे का, ते म्हणाले आम्ही ॲक्रेडिटेड आहोत मॅडम. परत विचारलं प्रोग्रॅम कोडा-मान्य आहे का, लेखी द्याल का. म्हणाले मॅनेजरशी बोलून कळवतो. अजून काही आलं नाही.

आता बाकीचं विचारते. फीचं एचफोरवाल्यांना काय, इंटरनॅशनल स्टुडंटची लावतात का? हेल्थचे कागद काय काय लागतात? मी लहानपणी सगळ्या लसी घेतल्यात पण कार्ड सांगलीच्या घरी पुरात गेलं २०१९ मध्ये. आणि पगाराचं कुणी खरं सांगेल का?

चिंचवडची_लेक

फी: एचफोर असलात तरी कॅलिफोर्नियाचे रहिवासी म्हणून फी लागू शकते, वर्षाहून जास्त इथे राहिल्याचे आणि इथेच राहण्याच्या इराद्याचे पुरावे द्यायचे, लीज, टॅक्स, ड्रायव्हिंग लायसन्स. रहिवाशांना सेमिस्टरच्या युनिटला ४६ डॉलर, फूटहिल क्वार्टरवर चालतं तिथे युनिटला ३१. बाहेरच्यांची फी कितीतरी पट. ॲडमिशन ऑफिसात स्वतः जाऊन रेसिडेन्सीचं आधी मिटवा, माझ्या एका मैत्रिणीला चुकून नॉनरेसिडेंट लावलं होतं, तीन आठवडे चकरा मारल्या तेव्हा बदललं. फेडरल मदत, तो फाफसा, एचफोरला मिळत नाही, ग्रीन कार्ड झालं की मिळतो. आणि युनिफॉर्म, पुस्तकं, लायसन्सची फी, बोटांचे ठसे हा खर्च वेगळा धरा.

हेल्थ: इथे आपल्या लोकांचा एक घोळ हमखास होतो. आपल्याला जन्मल्यावर बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची टीबीची स्किन टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्सरे काढा, डॉक्टरला भेटा, प्रश्नांची सरबत्ती. थेट रक्ताची टेस्ट मागा, क्वांटिफेरॉन, तिला बीसीजीने फरक पडत नाही. हिपॅटायटिस बी आधी सुरू करा कारण तीन डोसची सहा महिन्यांत पुरी होते. दोन डोसवाली पण आहे, महिन्याच्या अंतराने, डॉक्टरांना विचारा. लसीचं कार्ड गेलं म्हणून घाबरू नका, गोवर, कांजिण्या यांच्या अँटीबॉडी रक्तात तपासून देतात.

एडिसनची_मावशी

पगाराचं मी सांगते, लपवून काय उपयोग. सरकारी आकडा आहे २०२४ चा, अख्ख्या देशात डेंटल असिस्टंटचा मधला पगार वर्षाला ४७,३०० डॉलर. बे एरियात जास्त असतो पण तुमचं घरभाडं पण तसंच. हायजिनिस्टचा त्याच वर्षी ९४,२६० होता, म्हणजे जवळपास दुप्पट. म्हणून तुला जमलं तर पुढे तिकडे बघ, फूटहिललाच हायजीनची बॅचलर्स डिग्री आहे, त्याला ॲनाटॉमी, केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी असे विषय आधी लागतात आणि तू कॉमर्सची, सगळं नव्याने. पण एक वर्ष खुर्चीशेजारी बसलीस की तुझं तुलाच कळेल आवडतंय का ते.

अजून एक, पाठ सांभाळ. मी सुरुवातीला वाकून सक्शन धरायची, आता मानेचं दुखणं कायमचं लागलंय. स्टूल उंच कर म्हणून ती वरची मुलगी सांगतेय ना, ते ऐक.

कृष्णाकाठ

फूटहिल दोन्ही याद्यांत सापडलं, स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. पुढच्या बुधवारी त्यांचं माहितीसत्र आहे, मिस्टर सुट्टी घेऊन येतायत. क्वांटिफेरॉन सोमवारी सकाळी. बारावीचं मार्कशीट आणि डिग्री वडील कुरियर करतायत, ती कागदपत्रं वरच्या फळीवर होती म्हणून पुरातून वाचली.

वैदर्भीय ताई, तुमचं नंबरांचं वाचून लेकीचं मार्चचं बिल काढून बघितलं, तर तिथे आकडाच नाही, नुसतं टी हे अक्षर लिहिलंय. ते काय असतं?

वैदर्भीय_बीडीएस

दुधाच्या दातांना इथे आकडे नसतात, इंग्रजी अक्षरं असतात, ए ते टी, वीस दात. फिरायची दिशा तीच, वर उजवीकडून सुरू आणि खाली उजवीकडे संपतं. टी म्हणजे खालची उजवी, सगळ्यात मागची दुधाची दाढ. तपासून बघा.

कृष्णाकाठ

आत्ता तोंड उघडायला लावून टॉर्चने बघितलं. उजवीच आहे, खालची, पांढरं फिलिंग दिसतंय. तिच्या मागे कायमची दाढ आलीये, म्हणजे ती ३० ना?

वैदर्भीय_बीडीएस

हो. ३०.